वाळूत हरवलेलं सोनं: किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सोन्याची अंगठी असो की शीतपेयाच्या कॅनवरची ओढायची कडी, मेटल डिटेक्टरमध्ये दोघींचा आवाज जवळपास सारखाच येतो. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझे सुरुवातीचे दोन महिने वाचले असते. पडद्यावर कडीचा आकडा दिसला की 'कचरा' म्हणून मी पुढे जायचो आणि मोठा, खणखणीत आकडा आला की गुडघे टेकून खणायला बसायचो. नाणी बरीच जमली, अंगठी एकही नाही. शेवटी एक दिवस वैतागून ठरवलं, आज लोखंड सोडून जे वाजेल ते सगळं काढायचं. ३१ कड्या निघाल्या, चॉकलेटच्या चांदीचे गोळे निघाले, चष्म्याची एक काडी निघाली. बत्तिसावी 'कडी' चाळणीत आपटली तेव्हा तिचा आवाज जड होता. हातात घेईपर्यंत थांबावंच लागलं नाही, चाळणीतल्या त्या 'टक्'वरूनच कळलं.

तेव्हा हा लेख कचरा उपसायची तयारी असलेल्यांसाठी आहे. बाकी सगळं शिकता येतं.

मशीनला काय कळतं, काय कळत नाही

कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची ती थाळी. तिच्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र वाळूत शिरतं. वाटेत धातू लागला की त्या धातूत भोवऱ्यासारखे बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र उलट कॉइलकडे येतं. मशीन ते पकडतं आणि आवाज करतं. प्रवाह धातूत किती सहज फिरला यावरून पडद्यावर आकडा उमटतो, त्याला टार्गेट आयडी म्हणतात. लोखंड सगळ्यांत खाली, चांदी सगळ्यांत वर, कारण चांदीइतकी वीज कुठलाच धातू वाहून नेत नाही.

मग सोनं वर का येत नाही? शुद्ध सोनं उत्तम वाहक आहे, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. त्यात तांबं, चांदी, जस्त, पांढऱ्या सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळलेलं असतं, आणि मिश्रधातू झाला की वीज वाहायची क्षमता बरीच घसरते. शिवाय वस्तू लहान. त्यामुळे बायकांच्या नाजूक अंगठ्या पातळ फॉइलच्या आकड्यांत येतात आणि पुरुषांच्या जाड अंगठ्या कॅनच्या कड्यांच्या आकड्यांत. प्लॅटिनमची अंगठी आणखी खाली घसरते. आकडा बघून सोनं ओळखता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

दागिन्याच्या आकाराचाही इथे मोठा हात असतो. अंगठी म्हणजे बंद वर्तुळ, प्रवाहाला फिरायला आयता रस्ता, म्हणून ती चांगली वाजते. तीच अंगठी एका जागी चिरलेली असेल तर रस्ता तुटतो आणि आवाज एकदम मंदावतो. साखळीचं दुखणं याहून मोठं. तिची प्रत्येक कडी स्वतंत्र, कड्यांचा एकमेकींशी स्पर्श जेमतेम, त्यामुळे मशीनला साखळी दिसतच नाही, दिसतो तो तिचा हूक किंवा लॉकेट. बारीक साखळी शोधून द्या म्हणून कोणी आलं तर मी आधीच सांगून टाकतो की आशा कमी ठेवा. कानातल्याची फिरकी तर नशिबाचा भाग.

आणखी एक, आपल्या अंगावरचं लोखंडही मशीनला ऐकू येतं. या यंत्राच्या पूर्वजाची गोष्ट त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःचं यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असं सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांनी त्यांना राष्ट्राध्यक्षांची फक्त उजवी बाजू तपासू दिली, आणि गोळी डाव्या बाजूला होती. दोन्ही चुका आजही किनाऱ्यावर रोज होतात. बुटाच्या टोकात पोलाद असतं, हातातलं स्कूप (वाळू उपसायचं खोरं) कॉइलला खेटून धरलेलं असतं, आणि शोध चालू असतो भलत्याच जागी.

मशीन घेताना

तीन जाती आहेत. एका फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन (व्हीएलएफ) कोरड्या वाळूत आणि तलावाच्या गोड्या पाण्याच्या काठावर उत्तम चालतं. समुद्राच्या ओल्या वाळूत मात्र ते वेड्यासारखं बडबडायला लागतं. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे मशीनला अख्खी ओली वाळू म्हणजे एक पातळ धातूचा पत्रा वाटतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते, पार खाली आणली की ते गप्प होतं, पण मग खोलवरची अंगठीही त्याला दिसत नाही.

दुसरी जात पल्स इंडक्शनची, म्हणजे पीआय. हे मशीन क्षणभर जोरदार झटका देतं आणि मग धातूतला प्रवाह किती सावकाश विझतो ते मोजतं. मिठाचं पाणी आणि काळी लोहयुक्त वाळू त्याला फारशी त्रास देत नाहीत, खोलीही चांगली मिळते. पण खिळा आणि अंगठी यातला फरक त्याला जवळजवळ कळत नाही, म्हणजे वाजेल ते काढायचं. गंजलेल्या तारांनी भरलेल्या किनाऱ्यावर हे मशीन घेऊन गेलात तर संध्याकाळी पाठ बोलेल.

तिसरी जात एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारी, म्हणजे मल्टिफ्रिक्वेन्सी. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची उत्तरं एकत्र पाहून ती मिठाचा गोंगाट वजा करते. नवशिक्याने समुद्रासाठी घ्यायचं तर हेच घ्यावं असं माझं मत आहे, आणि त्यात 'बीच मोड' असलेलं. घेताना एक गोष्ट नीट वाचा: कॉइल वॉटरप्रूफ असणं वेगळं आणि सगळं मशीन वॉटरप्रूफ असणं वेगळं. पुष्कळ मशीनची कॉइल पाण्यात चालते, पण वरची डबी एका लाटेत संपते.

बरोबर काय न्यायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्कूप, भोकं असलेलं वाळू उपसायचं खोरं. कोरड्या वाळूला हातातलं प्लॅस्टिकचं चालतं. ओल्या वाळूत आणि पाण्यात स्टेनलेस स्टीलचं, लांब दांड्याचंच लागतं, पायाने दाबून रोवता येईल असं. भोकं किती मोठी आहेत ते घेण्याआधी बघा. मोठ्या भोकांतून वाळू झटकन गळते, पण त्याच वाटेने कुडीही जाते. नाजूक अंगठी आडवी पडली तर अडकते, उभी आली तर निसटते. मी १ सेंटिमीटरहून लहान भोकांचंच वापरतो, हलवायला चार हिसके जास्त लागतात एवढंच.

हेडफोन हवेतच. लाटांच्या आवाजात मंद सिग्नल ऐकू येत नाही, आणि खोलवरच्या अंगठीचा सिग्नल मंदच असतो. पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा कांडीसारखा छोटा डिटेक्टर, कोरड्या वाळूत वेळ वाचवतो. ओल्यात स्कूप असेल तर त्याच्यावाचून अडत नाही. कमरेला दोन कप्प्यांची पिशवी बांधा. एकात कचरा. दुसऱ्याला चेन असलेली बरी, कारण सापडलेली अंगठी पुन्हा हरवण्याइतकी वाईट गोष्ट या छंदात नाही. वाळूत काचा आणि गळाचे आकडे असतात, म्हणून एका हातात तरी जाड हातमोजा घाला.

पहिला सराव

किनाऱ्यावर जायच्या आधी घरातले दागिने टेबलावर ठेवा (टेबलाला लोखंडी खिळे नाहीत ना, ते पाहून) आणि एकेकावरून कॉइल फिरवा. आकडे वहीत लिहा. मग कॅनची कडी, बाटलीचं बूच, फॉइलचा गोळा, खिळा यांचेही लिहा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मघाशी सांगितलेलं दुखणं डोळ्यांना दिसेल.

मग वाळूत सराव. एक साधी अंगठी घ्या, आजीची नको, आणि तिला मीटरभर लांबीचा जाड दोरा बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक काडीला बांधून काडी वाळूवर रोवून ठेवा. अंगठी ५ सेंटिमीटरवर पुरा, ऐका. १० वर पुरा, ऐका. १५ वर. पुढे कुठेतरी आवाज इतका बारीक होतो की वाऱ्याची झुळूकही तशीच वाटते. तो बारीक आवाज कानात बसेपर्यंत दहा-वीस वेळा कॉइल फिरवा, कारण खरी अंगठी बऱ्याचदा त्याच आवाजात बोलते. दोरा विसरू नका. सरावासाठी पुरलेली अंगठी स्वतःलाच न सापडलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांतला एक आरशात दिसतो.

कधी जायचं

भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून कालची ओहोटी आज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, पाणी उतरेल तसे त्याच्यामागे खाली जा, आणि पाणी वळलं की त्याच्यापुढे वर या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पुष्कळ ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं. तेव्हा भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली जाते, आणि एरवी कमरेएवढ्या पाण्याखाली असलेली वाळू काही वेळ उघडी पडते. लोक पोहताना अंगठ्या हरवतात त्या नेमक्या तिथे. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ही चैन मिळत नाही. तेव्हा कोरड्या वाळूत फिरावं.

गर्दीच्या सुट्टीनंतरची पहाट कोरड्या वाळूसाठी चांगली. वादळानंतरचे दोन-तीन दिवस ओल्या वाळूसाठी त्याहून चांगले. का, ते आता सांगतो.

समुद्र पाखडतो

हा भाग कळला की अर्धं काम झालं. मशीनवर खर्च करणारे पुष्कळ असतात, वाळू वाचणारे थोडे.

सुपात धान्य पाखडताना हलकं पुढे उडतं आणि जड मागे राहतं. लाट रोज तेच करते. वाळूचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड असतो. अ‍ॅल्युमिनियम २.७ पट. म्हणजे कॅनची कडी समुद्राच्या दृष्टीने जवळपास वाळूच, वाळू जाईल तिकडे तीही जाते. चांदी १०.५ पट, शिसं ११.३ पट, १८ कॅरेट सोनं सुमारे १५ पट जड. लाटेने वाळू ढवळली की हे सगळं जड सामान कणाकणाने खाली उतरतं आणि खालचा टणक थर लागेपर्यंत उतरत राहतं. टणक थर कुठे चिकणमातीचा असतो, कुठे शिंपल्यांच्या चुऱ्याचा, कुठे गोट्यांचा. त्यावर मऊ वाळू चार बोटं आहे की दीड हात, यावर तुमच्या मशीनला अंगठी दिसणार की नाही हे ठरतं.

म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर मशीन सुरू करण्याआधी चाला. टाच रुतते तिथे नवी, मऊ वाळू साठली आहे. खाली काही असलं तरी खोल. टाचेला घट्ट लागते तिथे वाळू खरवडून गेली आहे. तिथे वेळ घाला. वादळानंतर कधी कधी किनाऱ्यावर पायरीसारखी कड कापलेली दिसते, गुडघ्याएवढी, कधी कमरेएवढी. त्या कडेच्या पायथ्याशी आणि तिच्यापुढच्या उतारावर जुना टणक थर उघडा पडलेला असतो. तसंच ओहोटीला किनाऱ्याशी समांतर लांबट खळगे दिसतात, ज्यांत पाणी साचून राहतं. त्यांचा तळ तपासा.

आणि एक खूण: मासेमारीची शिशाची वजनं सापडू लागली की पाय थांबवा. शिसं जिथे थांबलं तिथेच त्याच्या वजनाचं बाकी सामानही थांबलेलं असणार. दोन-तीन शिसं आणि जुनी नाणी एका पट्ट्यात निघाली तर तो पट्टा इंच इंच तपासायचा, आडवा आणि उभा. याउलट नुसत्या कड्या, फॉइल आणि बाटलीची बुचं निघत असतील तर तो हलक्या सामानाचा पट्टा आहे, सरका पुढे.

कोरड्या वाळूचा हिशेब वेगळा, तिथे लाटेऐवजी माणसांच्या सवयी बघायच्या. टॉवेल झटकतात ती रांग, जाळं लावून बॉल खेळतात ती जागा, पायऱ्या आणि नळाच्या आसपास, बसायच्या कट्ट्यांपुढे. अंगाला तेल किंवा क्रीम लावताना लोक अंगठी काढून टॉवेलवर ठेवतात, आणि मग उठून टॉवेल झटकतात. पाण्यात कारण निराळं: गार पाण्याने बोटं आकसतात, क्रीमने निसरडी होतात, आणि हात हवेत उडवून खेळताना अंगठी निघून जाते. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पाण्याचा पट्टा म्हणूनच सगळ्यांत भरलेला.

कॉइल फिरवणं

जागेवर पोचलात की मशीन चालू करून बीच मोड लावा. फोन खिशातून काढून काठावरच्या सामानात, लांब, किंवा बंद. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे वाळूचा स्वतःचा गोंगाट मशीनला वजा करायला लावा. बहुतेक मशीनमध्ये स्वच्छ जागेवर कॉइल वर-खाली हलवून ते होतं. ओल्या वाळूत आलात की पुन्हा करा. मशीन कारण नसताना कुरकुरत असेल तर ते गप्प होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक अंकाने खाली आणा. नवशिके ती कमाल ठेवतात आणि तासभर भुतांचे आवाज खणतात.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गप्प करायची सोय, लोखंडापुरतीच ठेवा. त्याच्या वर काही बंद केलंत की सोनं बंद केलंत.

कॉइल वाळूपासून दोन बोटांवर, वाळूला समांतर. डावीकडून उजवीकडे जायला दोन-तीन सेकंद लागू द्या. जोरात झाडू मारल्यासारखी फिरवली की टोकांना कॉइल वर उचलली जाते आणि त्या दोन्ही टोकांखालची वाळू तपासायची राहून जाते. प्रत्येक फेरीला अर्ध्या कॉइलएवढंच पुढे सरका. कॉइलखालचं क्षेत्र खोल जाताना निमुळतं होतं, त्यामुळे फेऱ्या एकमेकींवर चढल्या नाहीत तर वरचं तपासलं जातं आणि खालचं राहतं.

सिग्नल आला की त्यावरून दोन्ही दिशांनी फिरवा, मग ९० अंशांत वळून पुन्हा. दोन्हीकडून गोल, सारखा, परत परत येणारा आवाज असेल तर खणा. एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने नाहीसा होतो, तुटक करकरतो, तर बहुधा गंजकं लोखंड. 'बहुधा' म्हटलं, कारण उभी रुतलेली अंगठीही कधी कधी असाच दगा देते. पहिले काही महिने शंका आली की खणा.

खणणं

आडवी आणि उभी फेरी जिथे छेदतात तिथे अंगठ्याने खूण करा. स्कूप त्या खुणेवर नाही, तिच्यामागे वितभर रोवा, पायाने दाबा, आणि दांडा मागे ओढून घास उचला. वाळू गाळायच्या आधी खड्ड्यावरून कॉइल फिरवा. अजून वाजतंय? आणखी एक घास. गप्प झालं? मग वस्तू स्कूपमध्ये आहे. आता हलवा. कोरडी वाळू गळून जाते. ओली चिकट असते, ती बाजूला ओतून पायाने पसरा आणि त्यावरून कॉइल फिरवत लहान लहान ढीग करत जा. वस्तू निघाल्यावर खड्ड्यावरून पुन्हा एकदा फिरवा, कारण कडीखाली अंगठी असल्याची उदाहरणं थोडी नाहीत. मग खड्डा बुजवा. प्रत्येक वेळी, न चुकता. अंधारात धावणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळतो, आणि बंदी येते ती असल्याच कारणांनी.

पाण्यात खड्डा क्षणात भरतो आणि गढूळपणात खूण हरवते. तिथे एक पाय खुणेच्या अगदी शेजारी ठेवून द्यायचा, तोच तुमचा खुंटा. स्कूप वर आणताना सावकाश, पाण्याखालीच हलवून वाळू धुवायची, आणि तोंड वर ठेवूनच पृष्ठभागावर आणायचं.

कुणाची ठरावीक अंगठी शोधायची असेल तर

हे काम वेगळं आणि माझ्या मते सगळ्यांत समाधानाचं. 'द रिंग फाइंडर्स' नावाची एक निर्देशिका आहे, तिच्यात हरवलेल्या अंगठ्या शोधून देणारे जगभरचे लोक नोंदलेले आहेत. पण शेजारच्या माणसाची अंगठी शोधायला नोंदणी लागत नाही.

मशीन हातात घेण्याआधी बसून बोला. अंगठी बोटात असल्याचं शेवटचं नक्की कधी आठवतं? तेव्हा पाणी कुठवर होतं, गुडघा की कंबर? कोणता हात, तो हात काय करत होता? त्या दिवशीचे फोटो आहेत का? फोटोत अंगठी कधीपर्यंत दिसते आणि मागे कोणती इमारत, कोणता खांब दिसतो, त्यावरून जागा पुष्कळ आक्रसते. टॉवेल, पिशवीचं अस्तर आणि गाडीची सीट आधी झटकायला सांगा. जोडीदाराची तशीच अंगठी असेल तर ती वाळूवर ठेवून आवाज ऐकून घ्या.

मग त्या जागेच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवा, आणि स्कूपची टाच वाळूत ओढत रेघ मारत सरळ चाला, कॉइल फिरवत. टोकाला पोचलात की वळा आणि त्या रेघेच्या शेजारून परत या. वाळूवर रेघा दिसत राहतात, काय झालं आणि काय राहिलं ते डोळ्यांपुढे असतं. सगळी जागा झाली आणि काही नाही मिळालं, तर आता काटकोनात तीच जागा पुन्हा. मग चौकोन मोठा करा. माणसाची आठवण हमखास दहा-वीस पावलांनी चुकते. मदतीला दुसरा डिटेक्टरवाला असेल तर त्याला लांब ठेवा, जवळ आली की मशीनं एकमेकांवर ओरडतात.

घाबरलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगा: जड अंगठी सहसा समुद्रात वाहून जात नाही, पडते तिथेच खाली रुतते. घाई आहे ती वर वाळू चढायच्या आत पोचण्याची. म्हणून पुढच्याच ओहोटीला जा.

नियम, आणि जिवाची काळजी

किनारा कुणाच्या मालकीचा आहे यावर नियम ठरतात, आणि कोरड्या वाळूचा मालक एक, ओल्या वाळूचा दुसरा असंही असू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत मेटल डिटेक्टर वापरायला बंदी आहे. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधायला सरकारी परवानगी लागते. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजाची वस्तू सापडली तर २८ दिवसांच्या आत 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला कळवावी लागते. तुम्ही जाल तिथला नियम आधी विचारा, शक्यतो लेखी. कासवांची किंवा पक्ष्यांची अंडी असलेल्या पट्ट्यात खणू नका.

वाळूत गुडघ्याहून खोल खड्डा करू नका, कडा न सांगता ढासळतात. छातीएवढ्या पाण्यात एकट्याने उतरू नका. हेडफोन कानात असले की मागून येणारी लाट ऐकू येत नाही, आणि नजर खाली असते. युद्धकाळातला दारूगोळा काही किनाऱ्यांवर अजून निघतो. गंजलेली, नळकांड्यासारखी, जड वस्तू दिसली तर स्कूप खाली ठेवा, हात लावू नका, जागा लक्षात ठेवून लांब जा आणि पोलिसांना कळवा.

सापडल्यावर

समुद्रातून सोनं निघालं तर ते पिवळंच निघतं. चांदी काळीठिक्कर पडलेली असते, तांब्यावर हिरवट थर येतो, अ‍ॅल्युमिनियम पांढरं आणि खवलेदार होतं. दागिना गोड्या पाण्यात भिजत ठेवा, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात. मोती असेल तर व्हिनेगर लांब ठेवा, आम्लात मोती विरघळतो. मशीनही गोड्या पाण्याने धुवा, कॉइलवरचं झाकण काढून आतली वाळू काढा, आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावू नका.

मग भिंग घेऊन अंगठीच्या आतली बाजू वाचा. ३७५, ५८५, ७५०, ९१६ हे आकडे हजारात किती भाग सोनं ते सांगतात: अनुक्रमे ९, १४, १८ आणि २२ कॅरेट. ९२५ म्हणजे चांदी, ९५० बहुधा प्लॅटिनम. त्याच्याशेजारी नावं, अक्षरं, तारीख कोरलेली असू शकते, आणि ती वजनापेक्षा मोलाची, कारण तिच्यावरून मालक सापडतो. सापडली म्हणून वस्तू तुमची होत नाही. मालकाचा शोध न घेता ती ठेवून घेणं बऱ्याच देशांत चोरी धरलं जातं. तारीख, जागा, खोली लिहून ठेवा, फोटो काढा, आणि पोलिसांच्या हरवलेल्या वस्तूंच्या कक्षात व जवळच्या हॉटेलांत कळवा.

कळवताना मात्र 'एक अंगठी सापडली आहे, अमुक किनाऱ्यावर, अमुक आठवड्यात' एवढंच लिहा. फोटो टाकू नका, धातू सांगू नका. फोन आला की तुम्ही वर्णन करायचं नाही. 'आत काय कोरलंय?' एवढं विचारायचं, आणि गप्प बसायचं. जिची असते तिला ते उत्तर देताना बऱ्याचदा बोलवत नाही. तेवढा वेळ थांबा.